देवी वाटेत होती

नंदाबाई गेल्याचं त्या दिवशी साऱ्या सभागृहाला कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त माईकवर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या हॉलमध्ये पक्षाचा कार्यकर्ता मेळावा होता. रामकिसन अण्णा पक्षाचे माजी जिल्हाध्यक्ष. माजी माणसाला व्यासपीठावर खुर्ची मिळते, माईक मिळेलच असं नसतं. त्या दिवशी मिळाला. सकाळी आलेला माणूस दुपारी तिकीट मागतो, अशानं पक्षाची धर्मशाळा होते, असं ते बोलत होते. नवा जिल्हाध्यक्ष सोमेश्वर स्वतः दोन पक्ष फिरून आलेला. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

तेवढ्यात मागून हातोहात एक चिठ्ठी आली. व्यासपीठावरच्या चिठ्ठीचा अर्थ ठरलेला असतो. आवरा. अण्णांनी स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांना अशा चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. त्यांनी ती न वाचताच जाकिटाच्या खिशात कोंबली आणि म्हणाले, "चिठ्ठ्या पाठवू नका. लई दिवसांनी बोलून राह्यलो, बोलू द्या."

एरवी या वाक्याला हशा मिळाला असता. कोणी हसलं नाही. मागच्या रांगांत कुजबुज झाली, मग तीही थांबली. मोबाईलमध्ये डोकं घातलेली माणसं मान वर करून त्यांच्याकडे बघू लागली. अण्णांना वाटलं, भाषण लागलं. कितीतरी वर्षांनी सभागृह असं शांत बसलं होतं. ते आणखी रंगात आले.

शेवटी अमरचंद उठला. हा जालन्याचा बियाण्याचा व्यापारी, पक्षातला अण्णांचा सगळ्यात जुना सोबती. त्यानं जवळ येऊन माईकवर हात ठेवला.

"रामकिसन, चिठ्ठी वाच."

"वाचतो की नंतर."

"माझ्या हातची आहे. वाच बाबा."

चिठ्ठीत एवढंच होतं. नंदावहिनी गेल्या. खाली ये.

नंदाबाई संभाजीनगरच्या दवाखान्यात होती. ताप उतरला होता, डॉक्टर सोडतो म्हणाले होते. मुलगी शीतल जवळ होती. आदल्या संध्याकाळी नंदाबाईनंच अण्णांना घालवलं होतं. "तुम्ही इथं बसून काय करून राह्यले? नर्सला बी उपदेश करता. जा मेळाव्याला. बोलायला मिळालं तर एक दाणा टाका, नुसता कडबा नका टाकू." सकाळी तिचं हृदय बंद पडलं. शीतलनं वडिलांना फोन लावले, पण त्यांनी आपला फोन भाषणाआधी बंद करून ठेवलेला. मग तिनं अमरचंदकाकांना लावला.

दुपारनंतर अण्णांच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईत, अंत्यविधी झाला. गाड्या गावाबाहेरपर्यंत लागल्या. अग्नी दिल्यावर रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सोमेश्वर म्हणाला, "वहिनी अण्णांच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या." त्याच्यानंतरचा म्हणाला, "यशस्वी पुरुषामागं उभी असलेली माउली." आणखी एकजण म्हणाला, "चाळीस वर्षांत त्यांचा देवीचा मंगळवार चुकला नाही." अण्णा बाजूला दगडावर बसून ऐकत होते. एकेक वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. यातली निम्मी त्यांचीच होती. हीच वाक्यं त्यांनी तालुक्यातल्या किती स्मशानांत म्हटली असतील.

"अण्णा, दोन शब्द?" कुणीतरी माईक पुढं केला.

अण्णांनी हात जोडले. लोकांनी समजून घेतलं.

अण्णांचं राजकारण मैतींवर उभं होतं, असं विरोधक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पक्षाचा झेंडा तालुक्यात लावायला काठी कोणी देत नव्हतं, तेव्हापासून ते पक्षात. आधी सायकल, मग अमरचंदनं दिलेली जुनी लूना, मग जीप. त्यांचा एक नियम होता. लग्नाला उशीर चालतो, मैतीला चालत नाही. जात, पक्ष, भाऊबंदकी काही न बघता ते स्मशानात पोचत आणि बोलत. त्या बोलण्यानं ते तालुकाध्यक्ष झाले, जिल्हाध्यक्ष झाले. विधानसभेला उभे राहिले आणि पडले. पडल्यावर दुसऱ्या दिवशी जाफराबादकडे एका मैतीला गेले, तिथंही बोलले.

माणूस जुन्या वळणाचा. लग्न मुहूर्तावर लागलं पाहिजे, वरातीत डीजे नको, देवळाच्या वाटेवर दारूचं दुकान नको, आणि बाईनं घर सांभाळावं. जागा महिलांसाठी राखीव झाल्या तेव्हा बाकीच्या पुढाऱ्यांनी बायका उभ्या केल्या आणि कारभार स्वतः केला. अण्णा म्हणाले, असलं नाटक आपल्याला जमत नाही. ती जागा गेली. दारूच्या दुकानावरून तर त्यांनी आपल्याच पक्षाच्या आमदाराशी वैर घेतलं आणि त्यात पुढं अध्यक्षपद गेलं. पण दुकान उघडलं नाही ते नाहीच. त्यांच्या शब्दाला चव नव्हती, पण वजन होतं.

चव नंदाबाई घालायची. मैतीला निघताना अण्णा जीपमध्ये बसत आणि ती दारातून सांगायची, "म्हातारा दुसऱ्याचा कडबा पावसात भिजताना दिसला की आपली ताडपत्री नेऊन टाकायचा. तेवढं सांगा." किंवा, "म्हातारी स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायची, साखर पाहुण्यासाठी ठेवायची." याला ती दाणा म्हणायची. बाकी सगळा कडबा. "कणसात एक तरी दाणा असू द्या. नुसता कडबा बैल बी किती दिवस खाईल?" अण्णा भाषणाच्या शेवटी तो दाणा टाकत. आणि इतका वेळ खाली मान घालून उभी असलेली मेलेल्याची पोरं हमसून रडत. लोक म्हणत, अण्णांना माणसाची काय बारीक जाण.

हे दाणे नंदाबाई कुठून आणते, हे अण्णांनी विचारलं नव्हतं. बायांच्या गप्पा, असं ते धरून चालले होते.

राख सावडून झाली त्या दिवशी अमरचंद आला. ओसरीवर अण्णांशेजारी बसला.

"दहाव्याला कोण बोलणार?" अमरचंदनं विचारलं.

"आहेत की. सोमेश्वर आहे."

"सोमेश्वर बिलकुल नको. त्यानं परवा वहिनीला मंदाबाई म्हणलं एकदा. ऐकलं न्हाई तू?"

"ऐकलं."

"मंग? आख्ख्या जिल्ह्याच्या मैतींत बोलला तू. माझ्या बापाच्या वेळी तर आमच्या समाजातले म्हातारे म्हणले, हा आपल्याहून जास्त जाणून राह्यला. आता घरच्या माणसावर बोलायला तुला भाड्याचा माणूस लागतो का?"

अण्णा म्हणाले, "दाणा न्हाई माझ्याकडं."

अमरचंदला दाण्याची गोष्ट ठाऊक होती. उठताना तो म्हणाला, "सापडंल. तिच्यासोबत जन्म काढला तू."

अण्णांनी ठरवलं. दहाव्याला आपणच बोलायचं, आणि कडबा टाकायचा नाही.

त्यांनी शीतलला विचारलं. ती स्वयंपाकघरात आईचे डबे पुसत होती. "आईची एखादी गोष्ट सांग."

"कसली?"

"खरी. लहानशी."

शीतलनं विचार केला. "तुमचं भाषण असलं की आई तुमचा शर्ट दोनदा इस्त्री करायची."

"ही माझी गोष्ट झाली."

"तुम्ही पडलात तेव्हा ती रडली न्हाई. म्हणाली, बरं झालं, आता घरी जेवायला येतील."

"ही बी माझीच झाली."

शीतलनं फडकं खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही सोडून तिचं काय होतं, हे तुम्ही मला विचारून राह्यले?" तिचा आवाज चढला नव्हता. अण्णा उठून बाहेर आले.

मग त्यांना मंगळवार आठवला. तो तर तिचाच होता. दर मंगळवारी दुपारचं जेवण उरकलं की नंदाबाई डोक्यावर पदर घेऊन, हातात फडक्यात बांधलेला नैवेद्य घेऊन निघायची. "देवीला जाऊन येते." दिवस मावळता परत यायची. अण्णांना त्याचं कौतुक होतं. आजकाल बायकांना देवासमोर बसायला वेळ नाही आणि आमच्या घरी बघा, असं ते भाषणातही सांगत. लोकांनी ते परवा त्यांनाच परत ऐकवलं. पण भक्तीला दाणा लागतो. ती देवीसमोर काय करायची, कुठं बसायची, काय मागायची? अण्णा देवळात गेले.

गुरवाची उषाबाई पायरीवर फुलं निवडत होती. ती उठून उभी राहिली.

"बस बस," अण्णा म्हणाले. "नंदाबाई मंगळवारी यायची. कुठं बसायची गं?"

"बसायच्या न्हाईत, अण्णा."

"म्हणजे?"

"ओटी भरायची, नमस्कार करायचा, की चालल्या. मी म्हणायची, वहिनी, घडीभर टेका. तर म्हणायच्या, देवीला काय, ती इथंच आहे."

"अन् नैवेद्य?"

"आणायच्या की. फडक्यात. पण इथं सोडत नव्हत्या. मला वाटायचं, तसाच घरी नेत असतील प्रसाद म्हणून."

घरी असला प्रसाद अण्णांनी कधी खाल्ला नव्हता. ते देवीपुढं उभे राहिले, पण हात जोडायचे राहून गेले. तिथून ते थेट शेजारच्या कांताबाईकडे गेले. कांताबाई नंदाबाईहून थोरली, नवरा जाऊन जमाना झालेला. मंगळवारी दोघी सोबत निघायच्या. ती अंगणात तुरीची डाळ पाखडत होती.

"कांताबाई, मंगळवारी तुम्ही कुठं जायच्या?"

कांताबाईनं सूप थांबवलं. "देवीला."

"उषाबाई म्हणते, पाच मिनिटं यायच्या."

"उषीला तोंड बंद ठेवायला येत न्हाई कधी." तिनं सूप खाली ठेवलं. "देवीला बी जायचो, अण्णा. खोटं न्हाई. देवी वाटंत होती."

"वाटंत म्हणजे? कुठल्या वाटंत?"

कांताबाईनं त्यांना ओट्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः खालीच बसून राहिली.

"तुम्ही अग्नी दिला की भाषण करून मोकळे. तेराव्याला पंगत उठली की गाव मोकळं. तोवर घर माणसांनी भरलेलं असतं, भाकरी शेजारून येते, बाईला रडायला बी जागा नसते. खरं रडू त्याच्या नंतर येतं. तेव्हा कोण जातं? नंदा जायची. महिन्यानं, दीड महिन्यानं. पिठलं भाकरी बांधायची, माझा हात धरायची, देवीपुढं डोकं टेकवायचं अन् मागच्या वाटेनं वस्तीवर. जाऊन बसायची नुसती. ती बाई बोलली तर ऐकायची. न्हाई बोलली तर तिच्यासोबत दोन घास खायची अन् उठायची. जाता येता बाकीच्या दारांतल्या बाया बी तिला आपल्या घरच्या माणसांचं सांगायच्या."

अण्णा म्हणाले, "दाणे तिथून यायचे."

"कसले दाणे?"

"काही न्हाई." मग त्यांनी विचारलं, "मला का सांगितलं न्हाई तिनं?"

"तुम्ही तालुकाध्यक्ष झाले तेव्हा काय म्हणलं होतं? पुढाऱ्याच्या बायकोनं दारोदार हिंडू नये, लोक म्हणतील मतं मागून राह्यली. म्हणलं होतं का न्हाई? देवीला जाते म्हणल्यावर तुम्ही कधी अडवलं न्हाई."

"पण नंतर सांगायचं."

कांताबाई पहिल्यांदा हसली. "मी म्हणलं होतं एकदा, सांग की अण्णाला. तर म्हणते कशी, सांगितलं तर जीप काढतील, फोटोवाल्याला बसवतील, अन् दारात चप्पल काढायच्या आधी पेपरवाल्याला फोन करतील. मंग ती बाई माझ्यापुढं रडंल का आमच्या पुढाऱ्याला चहा टाकंल?"

अण्णांनाही हसू आलं. ते खरंच होतं. त्यांनी तसंच केलं असतं, आणि मनापासून चांगलंच समजून केलं असतं. हसता हसता त्यांचे डोळे भरले. कांताबाईनं पुन्हा सूप हातात घेतलं आणि डाळ पाखडायला लागली, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये.

जाताना ती म्हणाली, "एक घर राह्यलं तिचं. वस्तीवरची सुरेखा. तिला म्हणून आल्ती नंदा, तेरावं होऊ दे, मंग येते. अन् हिलाच ताप आला."

सुरेखाचा नवरा अण्णांना आठवला. जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला होता. मोटारसायकलवरून परत येताना गेला. त्याच्या मैतीला अण्णा बोलले होते. नंदाबाईनं दाणा दिला होता तो असा की हा माणूस भट्टीवरून घरी आला की आधी हात थंड पाण्यात बुडवून ठेवायचा, मगच पोरीला उचलायचा. पोरीला हात गरम लागू नयेत म्हणून. स्मशानात सगळे रडले होते. अण्णा घरी येऊन जेवले होते.

दहाव्याला नदीकाठी मांडव घातला. जिल्ह्यातून माणसं आली, सगळ्या पक्षांची आली. प्रवचन झालं, कावळा शिवला. सोमेश्वरनं भाषण केलं, या वेळी नाव बरोबर घेतलं. मग अमरचंदनं माईक आणून अण्णांच्या हातात दिला.

अण्णा उभे राहिले. इतका चांगला दाणा त्यांना जन्मात मिळाला नव्हता. नुसता सांगितला असता तरी मांडव हलला असता. समोर पुढच्या रांगांत वस्त्यांवरची माणसं बसली होती, बाप्ये सगळे. त्यांतल्या किती घरांत नंदाबाई जाऊन बसली असेल आणि यातल्या किती जणांना ते माहीत नसेल. पलीकडे लिंबाखाली बाया होत्या. तिथं हलकं रडणं चाललं होतं. कोणी पुढं येऊन काही बोलत नव्हतं. कांताबाई त्यांच्यात होती. तिनं अण्णांकडे बघितलं, मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सुचवलं नाही. बघितलं फक्त.

हे माईकवर सांगितलं की उद्या पेपरात येईल, हे अण्णांना कळत होतं. परवा सोमेश्वर तिच्या नावानं सांत्वन योजना काढेल. टी-शर्ट घातलेल्या महिला आघाडीच्या बाया भाकऱ्या घेऊन फोटो काढायला वस्तीवर जातील. आणि लिंबाखालच्या त्या बायांनी तिला जे एकटीला सांगितलं होतं, ते सगळ्या जिल्ह्याचं होईल.

"तुम्ही सगळे आलात," अण्णा म्हणाले. "जेवल्याशिवाय कोणी जाऊ नका."

आणि माईक परत दिला.

लोक म्हणाले, अण्णा खचले. पंगतीत अमरचंद त्यांच्या शेजारी उभा राहिला. "चाळीस वर्षांतलं तुझं सगळ्यात छोटं भाषण. दाणा सापडला न्हाई का?"

"सापडला."

"मंग?"

"तो तिचा आहे."

अमरचंदनं पुढं विचारलं नाही. व्यापाऱ्याला कुठला माल विकायचा नसतो हे कळतं.

तेरावं झालं. शीतल सासरी गेली. घरात अण्णा आणि नंदाबाईचे पुसलेले डबे राहिले. पुढच्या मंगळवारी अण्णांनी कांताबाईला पिठलं भाकरी करून मागितली.

"तुम्ही जाणार?" कांताबाई म्हणाली. "सुरेखा तुमच्यापुढं पदर सावरीत बसंल बिचारी."

"आत जात न्हाई. ओट्यावर बसतो. सासू असंल ना तिची?"

"हाय. तिच्यापाशी बसा. पण बोलू नका."

"बरं."

"तुम्हाला जमायचं न्हाई ते. बघा तरी. आता गुडघे चालत न्हाईत माझे, न्हाईतर आली असती." तिनं फडकं बांधून हातात दिलं.

अण्णा पायी निघाले. जीप नको, जाकीट नको. देवळाच्या फाट्यापर्यंत बरं चाललं. तिथं वस्तीची वाट देवळामागं वळते. तेवढ्यात दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. पक्षाचीच माणसं होती.

"अण्णा, पायी? कुठं?"

अण्णांच्या तोंडून सहज निघालं, "देवीला."

"चला, आम्ही बी येतो." त्यांनी गाड्या लावल्या. चालता चालता जिल्हा परिषदेचं काढलं. गटात कोणाला उभं करायचं, सोमेश्वर तिकीट कोणाला देतोय, अण्णांनी एक शब्द टाकला तर कसं बराबर होईल. देवळाशी आणखी माणसं जमली. उषाबाईनं ताट पुढं केलं. एकजण फडक्याकडे बघून म्हणाला, "नैवेद्य आणला वाटतं. वहिनींचा नेम चालवला अण्णांनी." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं फोटो काढला.

अण्णांनी फडकं सोडलं आणि पिठलं भाकरी देवीपुढं ठेवली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. उषाबाईनं भाकरीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं.

दिवस मावळायला त्या माणसांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून घरी आणून सोडलं. कांताबाई दारात उभी होती. तिनं मोकळं फडकं बघितलं.

"गेल्ता का?"

"देवीपर्यंत गेल्तो," अण्णा म्हणाले.

सुरेखाच्या घरी जायचं राहिलं आहे.